पावसाळ्यात कीबोर्ड अक्षरं दोनदा उमटवतो: स्विच साफ करावा की बदलावा, आणि बदलायचा तर कोणता घ्यावा

जून लागला की मुंबईत मेकॅनिकल कीबोर्ड वापरणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. एकदा दाबलेली की दोनदा उमटते, नाहीतर दाबूनही उमटत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात हा त्रास आपोआप कमी होतो आणि पुढच्या पावसात तीच की पुन्हा सतावते. या टप्प्यावर बहुतेक जण सरळ नवे स्विच, म्हणजे प्रत्येक कीखाली असणारे सुटे खटके, मागवतात. कधी ते बरोबर असतं. पण पुष्कळदा दोष स्विचमध्ये नसतोच, खालच्या सॉकेटमध्ये (स्विचच्या पिना जिथे बसतात ती खाच), स्टॅबिलायझरमध्ये (लांब की सरळ ठेवणारी तार) किंवा वायरलेस रिसीव्हरमध्ये असतो. आणि जुन्यासारखेच उघडे स्विच पुन्हा बसवले, तर पुढच्या वर्षी तेच सगळं परत करावं लागतं. म्हणून आधी दोष नेमका कुठे आहे ते पकडा. नवे घ्यायचेच ठरले तर कॉन्टॅक्ट, म्हणजे स्विचच्या आत एकमेकांना टेकणारे धातूचे भाग, किती झाकलेले आहेत हे सर्वांत आधी बघा. आवाज, वजन, रंग हे सगळं त्यानंतर.

मराठी टाइप करताना दोष कसा ओळखायचा

इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड-मांडणीवर टाइप करणाऱ्यांना हा दोष पटकन सापडतो. इन्स्क्रिप्टमध्ये काना इंग्रजी ‘ई’च्या कीवर आहे आणि पाय मोडायचं चिन्ह ‘डी’च्या कीवर. मराठीत या दोन कींइतक्या वापरल्या जाणाऱ्या की फार थोड्या, त्यामुळे झीज तिथेच आधी दिसते. काना दोनदा उमटला की विंडोजवर दुसरा काना ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेला दिसतो. एकच मात्रा लागोपाठ दोनदा द्यायची वेळ मराठीत येत नाही. तेव्हा असं वर्तुळ वारंवार दिसत असेल तर तो बोटाचा दोष मानू नका, की तपासायला घ्या.

रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांना हे उशिरा कळतं. तिथे ‘ए’ दोनदा गेला की ‘अ’चा ‘आ’ होतो, आणि ‘कर’च्या जागी ‘कार’ झालेलं शुद्धलेखनाची चूक म्हणून दुरुस्त केलं जातं. शंका असेल तर नोटपॅड उघडा, भाषा इंग्रजी करा आणि संशयित की पन्नास वेळा दाबा: पंचवीस वेळा झटक्यात, पंचवीस वेळा अगदी हळू. नंतर अक्षरं मोजा. हळू दाबणं टाळू नका, कारण बिघडत चाललेला स्विच जलद टायपिंगमध्ये तग धरतो आणि हळू दाबल्यावर उघडा पडतो. की सोडतानाही अक्षर उमटतं का, ते बघा.

की धरून ठेवल्यावर थोड्या वेळाने अक्षरांची रांग लागते, ती संगणकाचीच सोय आहे, तिचा इथे संबंध नाही. आपला दोष वेगळा आहे: बोट एकदाच खाली गेलं आणि क्षणार्धात दोन अक्षरं उमटली.

हे होतं कशामुळे

चेरी कंपनीच्या एमएक्स आणि त्याच्या धर्तीवर बनलेल्या स्विचमध्ये तांब्याच्या मिश्रधातूच्या दोन पत्त्या असतात. मधल्या दांड्याला, म्हणजे स्टेमला, दोन छोटे पाय असतात. की वर असते तेव्हा हे पाय हलत्या पत्तीला दुसरीपासून दूर ढकलून धरतात. की खाली गेली की पाय बाजूला होतात आणि पत्ती स्वतःच्या ताणाने दुसरीवर जाऊन टेकते. म्हणजे कॉन्टॅक्ट जुळतो तो पत्तीच्या इवल्याशा ताणावर, बोटाच्या जोराचा त्यात काहीच भाग नसतो. चिडून की आपटल्याने काही सुधारत नाही ते यामुळेच.

त्यात कीबोर्डमधला विद्युतप्रवाह अगदी नगण्य: दाब ३.३ किंवा ५ व्होल्ट, आणि प्रवाह बहुधा एक मिलिअँपिअरच्याही आत. भिंतीवरचा पंख्याचा खटका दाबला की आत बारीकशी ठिणगी पडते आणि कॉन्टॅक्टवरचा थर थोडाफार जळून जातो. कीबोर्डच्या स्विचमध्ये असं काही होत नाही. पत्तीच्या टोकावर एकदा ऑक्साइडचा, मिठाचा किंवा तेलकट धुळीचा थर बसला की तो तिथेच राहतो. म्हणून चांगल्या स्विचमध्ये कॉन्टॅक्टच्या टोकावर सोनं असतं. ते गंजत नाही, पण त्याच्यावर बाहेरून थर बसू शकतो, आणि स्वस्त स्विचमध्ये त्याचा मुलामा पातळ असतो.

आता मुंबईची हवा. पावसाळ्यात आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते. वरळी, माहीम, वर्सोवा अशा किनाऱ्यालगतच्या भागांत हवेत मीठ असतं, आणि मीठ ओल ओढून घेतं. बाराही महिने शेजारी कुठेतरी बांधकाम चालू असतं, त्याची सिमेंटची धूळ घरात येते. एका खोलीच्या घरात टेबल आणि ओटा यांच्यात दहा पावलांचंही अंतर नसतं, तेव्हा फोडणीची वाफ कीबोर्डवरही बसते. तेल, धूळ आणि ओल एकत्र आली की तयार होणारा चिकट थर कोरड्या धुळीपेक्षा फार वाईट, कारण तो फुंकरीने उडत नाही.

एसीमुळे होणारं नुकसान बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. बाहेर २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण २५ अंशांवर असतो. रात्रभर २२ अंशांवर चाललेल्या एसीत कीबोर्डची धातूची प्लेट तितकीच गार होते. सकाळी एसी बंद करून लगेच खिडकी उघडली की बाहेरची दमट हवा त्या गार प्लेटवर पाणी सोडते. थर इतका बारीक असतो की डोळ्यांना दिसत नाही, पण स्विचच्या पिना आणि सॉकेट ओलसर होतात. जाड अॅल्युमिनियमचा कीबोर्ड उशिरापर्यंत गार राहतो, त्यामुळे महागड्या कीबोर्डला हा त्रास उलट जास्त. उपाय साधा आहे. एसी बंद केल्यावर कीबोर्डवर झाकण किंवा जाड कापड टाका आणि अर्ध्या तासाने खिडकी उघडा.

तपासणीचा क्रम

खालचा क्रम बदलू नका. प्रत्येक पायरीवर एक शक्यता कटते.

१. कीबोर्ड वायरलेस असेल तर केबल लावा, आणि हबमधून न लावता थेट संगणकाच्या पोर्टमध्ये लावा. त्रास गेला तर स्विच निर्दोष आहेत. यूएसबी ३.० चं पोर्ट आणि त्याला लावलेली हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करते, आणि रिसीव्हर तिथेच शेजारी असेल तर की सोडल्याचा संदेश हरवतो. मग एकच अक्षर दहा-पंधरा वेळा उमटतं. नेमकी दोन अक्षरं आली तर संशय स्विचवर, लांबलचक रांग लागली तर रिसीव्हरवर. रिसीव्हर एक्स्टेन्शन केबलने टेबलावर कीबोर्डजवळ आणून ठेवा.

२. किती की बिघडल्या आहेत ते बघा. एकाच आडव्या किंवा उभ्या ओळीतल्या सगळ्या की एकदम चुकत असतील तर स्विच बदलून उपयोग नाही. कीबोर्डमधल्या की ओळी आणि स्तंभांच्या जाळ्यात जोडलेल्या असतात. तिथे दोष पीसीबीवरच्या (आतल्या सर्किट बोर्डवरच्या) मार्गात किंवा कंट्रोलरमध्ये (की वाचणाऱ्या चिपमध्ये) असतो, बहुतेकदा चहा किंवा पाणी सांडल्यानंतर.

३. स्पेस, एंटर, बॅकस्पेस किंवा शिफ्ट जड झाली असेल, वर यायला वेळ घेत असेल, तर कीकॅप काढून स्टॅबिलायझरची तार बघा. मुंबईत या तारेला गंज चढतो आणि लोक दोष स्विचला देतात. इन्स्क्रिप्टमध्ये ख, घ, भ आणि अ-आ-इ सारखे सुटे स्वर शिफ्टवर असल्याने मराठी लिहिणाऱ्याची शिफ्ट इंग्रजीवाल्यापेक्षा बरीच जास्त राबते. तार काढून कोरड्या फडक्याने पुसा, गंज खोल असेल तर नवी घाला, आणि दोन्ही टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ लेप द्या. खडखड थांबते आणि ओलही दूर राहते.

४. कीबोर्ड हॉट-स्वॅप असेल, म्हणजे स्विच ओढून काढता येत असतील, तर केबल काढून संशयित स्विच आणि स्क्रोल लॉकचा स्विच यांची अदलाबदल करा. मग केबल लावून दोन्ही की पन्नास-पन्नास वेळा दाबा. दोष स्विचबरोबर स्क्रोल लॉकवर गेला तर स्विच खराब. जुन्या जागीच राहिला तर सॉकेट किंवा पीसीबी खराब. सगळ्या तपासणीत खात्रीची पायरी हीच, आणि तिला पैसा लागत नाही.

५. दोष जागेवरच राहिला असेल तर स्विच काढून ठेवा, केबल लावा, आणि चिमट्याची दोन टोकं सॉकेटच्या दोन भोकांत घालून क्षणभर टेकवा. प्रत्येक वेळी एकच अक्षर स्वच्छ उमटलं तर सॉकेट ठीक आहे आणि स्विचची पीन नीट बसत नव्हती. अक्षर अडखळलं किंवा आलंच नाही तर सॉकेटचं सोल्डर सुटलंय, नाहीतर त्या कीचा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलाय.

हाताशी मल्टिमीटर असेल तर काढलेल्या स्विचच्या दोन पिनांना टोकं लावून रोध मोजा. चेरीच्या माहितीपत्रकात कॉन्टॅक्टचा रोध २०० मिलिओहमच्या आत सांगितलेला आहे. साध्या मल्टिमीटरच्या वायरींचा रोध धरून एक ओहमच्या आसपास आकडा आला तरी स्विच चांगला. की दाबून धरल्यावर आकडा उड्या मारत असेल, पाच, चाळीस, दोनशे, परत दोन, तर आत थर बसलाय.

स्विच साफ करताना

सगळा भर योग्य द्रवावर आहे. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. मेडिकलच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात उरलेलं पाणीच असतं. हँड सॅनिटायझर तर अजिबात नको, त्यातलं ग्लिसरीन पत्तीवर चिकटून बसतं. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अॅसिटोन स्विचचं प्लॅस्टिक खातं. गंज सोडवायचा सर्वसाधारण स्प्रे तेलकट थर मागे ठेवतो आणि त्याच्यावर महिनाभरात धूळ चढते. डब्यावर ‘कॉन्टॅक्ट क्लीनर’ असं लिहिलेलं असेल तरी ‘प्लॅस्टिकला सुरक्षित’ आणि ‘अवशेष न ठेवणारा’ हे दोन्ही शब्द शोधा. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर अल्कोहोल, क्लीनर, सोल्डरचं सामान हे सगळं एका फेरीत मिळतं. रविवार सोडून जा, तेव्हा बहुतेक दुकानं बंद असतात.

स्विच न उघडता साफ करायचा असेल तर तो कीबोर्डमधून बाहेर काढा, स्टेम दाबून धरा, कडेच्या फटीतून एक-दोन थेंब सोडा आणि चाळीस-पन्नास वेळा दाबा. पिना खाली करून टिश्यूवर ठेवा म्हणजे मळ घेऊन द्रव खाली उतरतो. हेच पुन्हा एकदा करा. मग पंख्याखाली दोन तास, पावसाळी हवेत रात्रभर वाळू द्या. कीबोर्डमध्ये बसवलेल्या स्विचवर वरून अल्कोहोल ओतू नका. आतलं कारखान्याचं वंगण वाहून थेट पत्तीवर जातं आणि चांगली की नादुरुस्त होते.

उघडून साफ करणं जास्त खात्रीचं. चेरीच्या धर्तीच्या स्विचला चार कड्या असतात, कैल या कंपनीच्या जुन्या धर्तीच्या स्विचला दोन. ओपनर घेताना दोन्हींना चालेल असा घ्या. वरचं कव्हर निघालं की स्प्रिंग आणि स्टेम बाजूला ठेवा. साध्या कागदाची चार मिलिमीटर रुंद पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून दोन पत्त्यांच्या मध्ये सरकवा, हलत्या पत्तीला नखाने हलकेच टेका देऊन पट्टी दोन-तीनदा ओढा. पट्टीवर राखाडी डाग आला तर थर होताच. पॉलिश पेपर, कानस, ब्लेड यांतलं काही लावू नका. सोन्याचा मुलामा एकाच घासणीत जातो, आणि त्यानंतरचा पहिला पावसाळा त्या स्विचचा शेवटचा.

पत्ती वाकवून ताण वाढवण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. एखादी पत्ती उघड्या डोळ्यांना वाकडी दिसत असेल तरच ती सरळ करा. अंदाजाने वाकवलेल्या पत्तीमुळे की वर येऊनही कॉन्टॅक्ट सुटत नाही आणि नवंच दुखणं सुरू होतं.

वंगणाबद्दल एक गोष्ट, कारण दुरुस्तीच्या उत्साहात हीच चूक सर्वांत जास्त होते. क्रायटॉक्स २०५जी० सारखं ग्रीस वीज वाहून नेत नाही. लिनियर, म्हणजे टप्प्याविना सरळ खाली जाणाऱ्या, स्विचमध्ये ते स्टेमच्या दोन कडांना, बॉडीतल्या खाचांना आणि स्प्रिंगच्या टोकांना लावतात, तेही इतकं पातळ की पांढरं दिसता कामा नये. पत्तीला ते लागू देऊ नका. टॅक्टाइल स्विचमध्ये स्टेमचे पायही कोरडे ठेवा, नाहीतर जाणवणारा टप्पाच नाहीसा होतो. वंगण लावल्यावर आठवड्याभरात कीबोर्ड अडखळायला लागला असेल तर हवेला दोष देऊ नका, पत्तीवर ग्रीस गेलंय. शंभरेक स्विचना ५ ग्रॅमची बाटली पुरते. ती पन्नास स्विचमध्येच संपली तर हात जड पडलाय.

साफ केलेला स्विच दोन आठवड्यांत पुन्हा दोनदा उमटवू लागला तर त्याच्यावर आणखी वेळ घालवू नका. मुलामा गेलेला आहे. असा स्विच पॉज किंवा स्क्रोल लॉकवर बसवा आणि तिथला न वापरलेला चांगला स्विच इकडे आणा. एक-दोन कीच बिघडल्या असतील तर यात पूर्ण काम भागतं आणि नवी खरेदी टळते.

सॉकेट आणि सोल्डर

हॉट-स्वॅप कीबोर्डमध्ये पिना वाकण्याचं प्रमाण फार मोठं आहे. स्विच जरा तिरका घातला की एक पीन सॉकेटमध्ये न जाता स्विचखाली दुमडते. कधी ती सॉकेटच्या कडेला नुसती टेकलेली राहते आणि की कधी चालते, कधी नाही. स्विच काढा, पीन चिमट्याने सरळ करा, उभा धरून पुन्हा घाला. घालताना शक्य असेल तर पीसीबीला मागून बोटाचा आधार द्या, कारण वरून जोर दिला की सॉकेट पॅडसकट उखडतं. कैल आपल्या सॉकेटसाठी सुमारे १०० वेळा घाल-काढ सांगते. म्हणजे गंमत म्हणून दर आठवड्याला स्विच बदलायची ती सोय नव्हे.

सोल्डर केलेल्या कीबोर्डमध्ये स्विच बदलायचा तर ६०/४० सोल्डर, तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न आणि सोल्डर ओढायचा पंप घ्या. ३५० अंशांवर आधी जुन्या सांध्यावर थोडं नवं सोल्डर चढवा, ते वितळलं की दोन सेकंदांत पंपाने ओढा. नव्या सोल्डरशिवाय कारखान्याचा शिशाविरहित सांधा नीट वितळत नाही. लोक तापमान वाढवत जातात आणि पॅड निघून येतो. पॅड निघालाच तर त्याच ओळीतल्या शेजारच्या स्विचच्या पिनेपासून किंवा डायोडपासून बारीक वायर ओढा, की चालू होते. डायोड बदलायचा झाल्यास १एन४१४८ हा नेहमीचा, आणि त्याची काळी पट्टी इतर डायोडांच्या पट्टीच्याच बाजूला हवी.

सॉफ्टवेअरचा उपाय कुठवर चालतो

प्रत्येक स्विचची पत्ती टेकताना किंचित थरथरते. तेवढा काळ कंट्रोलर काणाडोळा करतो, त्याला डीबाउन्स म्हणतात. क्यूएमके या फर्मवेअरमध्ये (कीबोर्डच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तो मुळात ५ मिलिसेकंद असतो, आणि चेरीच्या जुन्या माहितीपत्रकात थरथरीची मर्यादाही ५ मिलिसेकंदच दिलेली आहे. ओलीमुळे थर बसलेली पत्ती याहून जास्त वेळ थरथरते. फर्मवेअर स्वतः बनवता येत असेल, किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असेल, तर आकडा १० करून बघा, फार तर १५. टायपिंगमध्ये फरक कळत नाही. त्यापुढे जाऊन भागत असेल तर स्विच बदलायची वेळ आलेली आहे.

विंडोजमधल्या फिल्टर कीजचा लागोपाठच्या कींकडे दुर्लक्ष करण्याचा पर्याय यासाठी वापरू नका. त्यातला सर्वांत कमी वेळ अर्धा सेकंद आहे. ‘ममता’ लिहिताना दुसरा म गिळला जाईल आणि बॅकस्पेस सलग दाबताच येणार नाही.

नवे स्विच घेताना

आधी आपला कीबोर्ड काय स्वीकारतो ते बघा, कारण परत पाठवण्याच्या निम्म्या कटकटी इथेच होतात. नेहमीचे, ऑप्टिकल (प्रकाशावर चालणारे) आणि चुंबकीय स्विच एकमेकांच्या जागी बसत नाहीत. कमी उंचीचे स्विच वेगळेच, आणि त्यांच्यातही दोन कंपन्यांचे एकमेकांना चालतील असं धरू नका. काही जुन्या स्वस्त हॉट-स्वॅप कीबोर्डमध्ये बारीक नळीसारखी सॉकेट असतात. त्यांत फक्त आउटेमू कंपनीच्या बारीक पिनाच जातात आणि इतर स्विच जोर लावून घातले तर नळी फाटते. तीन पिनांच्या जागेवर पाच पिनांचा स्विच चालतो: प्लॅस्टिकच्या दोन जादा खुंट्या नेलकटरने कापून टाका. धातूच्या पिनांना हात लावू नका.

मग कॉन्टॅक्ट. मुंबईसाठी नेहमीच्या कीबोर्डवर माझी पहिली पसंती कैलच्या बॉक्स मालिकेला. यात दोन्ही पत्त्या स्वतंत्र बंद डबीत असतात, आणि कंपनी त्या डबीला आयपी५६ हा धूळ आणि पाणी अडवण्याचा दर्जा देते. हा दर्जा त्या डबीपुरता आहे, सबंध कीबोर्डला पाण्यापासून संरक्षण मिळतं असा त्याचा अर्थ नाही. सॉकेट आणि पीसीबी पूर्वीइतकेच उघडे राहतात. विकत घेताना नाव नीट वाचा. पुष्कळ स्विचमध्ये स्टेमभोवती चौकोनी भिंत असते आणि जाहिरातीत ‘डस्टप्रूफ’ किंवा ‘बॉक्स’ लिहिलेलं असतं. त्या भिंतीने वरून पडणारी धूळ अडते, तेवढाही फायदा आहेच, पण पत्त्या चेरीसारख्याच उघड्या असतात. बंद डबीचा स्विच हवा असेल तर आतल्या रचनेचं चित्र पाहून घ्या. बॉक्सच्या सुरुवातीच्या मालात स्टेम किंचित जाड होते आणि कीकॅप चिरत असत; कंपनीने ते नंतर सुधारलं. जुना साठा स्वस्तात मिळत असेल तर या कारणाने सोडून द्या.

नवा कीबोर्डच घ्यायचा असेल तर चुंबकीय, म्हणजे हॉल इफेक्टवर चालणारा बघा. त्याच्या स्विचमध्ये टेकणारी धातूची पत्तीच नसते, स्टेममधलं चुंबक किती खाली आलं ते पीसीबीवरचा सेन्सर मोजतो. त्यामुळे हा दोनदा उमटण्याचा रोग त्याला मुळात होत नाही. स्विच बदलल्यावर मात्र कॅलिब्रेशन करावं लागतं, आणि कंपनीने दिलेल्या यादीतलेच स्विच घालावेत, कारण चुंबकाची दिशा आणि ताकद मॉडेलगणिक बदलते.

आवाजाच्या बाबतीत घराचा विचार आधी करा. क्लिकचा बॉक्स स्विच टिकाऊ आहे, पण त्याचा टणत्कार रात्री अकरानंतर पलीकडच्या खोलीत झोपलेल्याला नक्की ऐकू जातो. वन बीएचकेमध्ये रात्रपाळी करणाऱ्याने लिनियर किंवा रबराचा गादीदार टप्पा असलेला सायलेंट स्विच घ्यावा. सायलेंट स्विच तळाशी जरा मऊ लागतो, हे आधी एकदोन नमुने दाबून बघा. आवाज कमी करायला क्लिक स्विचला ग्रीस लावू नका, क्लिक अर्धवट मरते आणि हाताला चिकट लागतं.

वजनाबाबत, म्हणजे की दाबायला लागणाऱ्या जोराबाबत: चेरी एमएक्स रेड ४५ सेंटिन्यूटनवर २ मिलिमीटर खाली नोंद करतो, ब्लॅकला ६० लागतात. बोटं कींवर टेकवून विचार करायची सवय असेल तर ४५ च्या खाली जाऊ नका, नको ती अक्षरं पडतात. दिवसभर इन्स्क्रिप्टवर मराठी टाइप करणाऱ्यांनी ६० च्या वरही जाऊ नये. तिथे च, ट, ड, य ही सगळी उजव्या करंगळीवर येतात, वर शिफ्टचा भार, आणि संध्याकाळपर्यंत करंगळी भरून येते. ५० च्या आसपासचा लिनियर, उदाहरणार्थ गेटरॉन यलो, हा हाताला बहुतेकांना मानवतो. त्याच्या पत्त्या उघड्या असतात, तेव्हा किनाऱ्यापासून दूर आणि स्वयंपाकाच्या वाफेपासून बाजूला टेबल असेल तरच तो निवडा.

८७ कींच्या कीबोर्डला ९० स्विच घेतले तर तीनच उरतात, आणि त्यांतल्या एखाद्याची पीन बसवताना मोडते. शंभर घ्या. ६८ कींना ७० ऐवजी ८०. आल्यावर बसवण्याआधी प्रत्येक स्विच मल्टिमीटरवर हळू दाबून बघा. सदोष नग बदलून घेण्याची मुदत तेव्हाच चालू असते. त्याच कीबोर्डमध्ये दोन वेगवेगळ्या वेळी आणलेला माल मिसळावा लागला तर नवे स्विच ओळीने बसवा, एकाआड एक नको, म्हणजे हाताला फरक खटकत नाही.

उरलेले स्विच मूळच्या छिद्रं असलेल्या खोक्यात ठेवू नका, वापरायच्या आधीच त्यांच्या पत्त्यांवर थर चढतो. झिप असलेल्या जाड पिशवीत २० ग्रॅम सिलिका जेलसह बंद करा. केशरी दाणे हिरवे झाले, किंवा निळे गुलाबी झाले, की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून मूळ रंगावर आणा आणि गार झाल्यावरच पिशवीत परत टाका.